गारेश्वराचा घाम

"देवाला घाम फुटला," अशी हाक पाळीवरून आली आणि भिवरटोल्यातली माणसं हातातलं काम टाकून गावतळ्याकडे, बोडीकडे धावत सुटली. कुणाच्या हातात विळा तसाच, कुणाच्या तोंडात घास तसाच. वैशाखातली दुपार नुकती कलायला लागली होती. उत्तरेला डोंगरांच्या डोक्यावर पांढरा ढग फुलकोबीसारखा फुगत चालला होता. आणि बोडीच्या पाळीवर, उंच बांधावर, घातलेल्या मांडवात, चांदीचे डोळे बसवलेला गुडघाभर उंचीचा काळा दगड सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत ओला होत होता. आधी कपाळावर चार थेंब आले, मग गालांवर ओघळ, मग छातीवर चकाकी. वर घडा टांगलेला नाही, मागे नळी नाही, आभाळातून टिपूस नाही.

"भक्तहो, आकाशात पॉझिटिव्ह पवन आहे, भूमीत निगेटिव्ह पाप आहे," मेघबाबा म्हणाले. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्षांची जाड माळ, बोटांत सहा अंगठ्या. "या दोघांच्या मध्ये गारेश्वर प्रभू ट्रान्सफॉर्मर होऊन बसले आहेत. लोड आला की ट्रान्सफॉर्मर गरम होतो की नाही? मग प्रभूला घाम येणार की नाही?"

"येणार, येणार," लोक म्हणाले. गावचा ट्रान्सफॉर्मर दर आठवड्याला जळत असे, त्यामुळे हे सगळ्यांना पटकन कळलं.

बाबा महिन्याभरापूर्वी एका जुन्या जीपमधून देव घेऊन आले होते. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला सातआठ वर्षं झाली होती. बाबा भंडाऱ्यात सांगत की आपला मठ गोंदियाकडे, आणि गोंदियाकडे गेले की सांगत मठ भंडाऱ्याकडे. मधल्या वैनगंगेला विचारायला कोण जातो? त्यांनी पाळीवर दोन पुरुष उंचीचा लोखंडी त्रिशूळ रोवला आणि त्याला लांब साखळी बांधली. देवाला घाम फुटला की वादळ येणार. मग हंडीतून ज्या घराची चिठ्ठी निघेल, त्या घरातल्या सुनेने किंवा लेकीने अनवाणी उभं राहून ती साखळी धरायची आणि वादळ सरेपर्यंत सोडायची नाही. त्या वेळी बाबा जीपमध्ये काचा वर करून समाधी लावत. बाकी गाव पाळीखाली हात जोडून उभं. वादळ बाजूने निघून गेलं की घरटी सूपभर धान देवापुढे यायचं.

आतापर्यंत घाम पाच वेळा फुटला होता आणि पाचही वेळा वादळ गावाला वळसा घालून गेलं होतं. गावात उन्हाळी धान कापणीला आलेलं, अर्धं तर कापून शेतात पसरलेलं. त्यावर गार पडली तर दाणा चिखलात जातो. म्हणून लोक बाबांच्या पायांची माती कपाळाला लावत होते.

गर्दीत रुखमिणीबाई उभी होती. पंचक्रोशीत कुठेही कीर्तन असलं की ती पहिल्या ओळीत बसलेली दिसायची. लाखांदूरकडे एकदा बुवा येणार म्हणून कळलं तर एसटीच्या टपावरच्या गाठोड्यांत आपलं गाठोडं टाकून ती एकटी गेली होती. देवावर तिचा जीव होता. पण या गारेश्वरापुढे तिला कीर्तनात बसल्यासारखं वाटत नव्हतं. कीर्तनात बुवा आधी पद गातात, मग त्याचा अर्थ फोडून सांगतात, शंका आली तर एखादा म्हातारा उठून विचारतोही. इथे अर्थ विचारला की बाबांचा चेला डोळे वटारत होता.

आणखी एक गोष्ट तिला खुपत होती. या देवाला शेंदूर चालत नाही, तेल चालत नाही, पाणी तर मुळीच नाही. रोज सकाळी अकरापर्यंत पडदा. आत फक्त चेला.

त्या दिवशी साखळी निर्मलाबाईंच्या हातात होती. वादळ आलं. पण यावेळी ते वळलं नाही. गावाच्या अंगावरून गेलं आणि जाताजाता पूर्वेच्या शिवारात पाच मिनिटं बोरांएवढ्या गारा टाकून गेलं. त्रिशुळापासून हाकेच्या अंतरावरचं मोहाचं झाड विजेने उभं चिरलं. निर्मलाबाई साखळीसकट खाली बसल्या आणि नंतर कितीतरी वेळ त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येईना.

बाबा जीपमधून उतरले. त्यांनी निर्मलाबाईंकडे नुसतं बोट दाखवलं.

"ही बाई मनाने शुद्ध नव्हती. गार हिच्यामुळे पडली."

ज्यांचं धान गेलं होतं त्यांनी निर्मलाबाईंकडे अशा नजरेने पाहिलं की त्यांचा नवरा मान खाली घालून घरी निघून गेला. मग चेल्याने हंडीतून पुढची चिठ्ठी काढली. सरपंच पुंडलिकरावांनी मोठ्याने वाचलं, "वासुदेवरावांची सून. रुपा."

वासुदेवराव रुखमिणीबाईचे यजमान. तिचा मुलगा मनिष नागपूरला कंपनीत होता. रुपा लग्न होऊन चार महिन्यांपूर्वी घरात आलेली. आता देवाला पुढचा घाम ज्या दिवशी फुटेल, त्या दिवशी ती या लोखंडाला धरून उभी राहणार होती.

चेला ओल्या कापसाने देवाचा घाम टिपून एकेकाच्या कपाळाला लावत होता. "कपाळी लावा, मुखी घेऊ नका," असं तो प्रत्येकाला बजावत होता. रुखमिणीबाईच्या तळहातावर दोन थेंब पडले. पन्नास वर्षांची सवय. तीर्थ हातावर आलं की हात तोंडाकडे जातो. तिचाही गेला.

चव अशी की जीभ आक्रसली. आधी खारट, मग कडू, मग जिभेवर गरम काही ठेवल्यासारखं.

घरी येऊन तिने तीन वेळा चूळ भरली. मोहफुलांची टोपली उन्हातून उचलायला गेली तर सकाळी खडखडीत वाळलेली फुलं हाताला चिकटली. ती तिथेच थांबली. मागच्या शुक्रवारी घाम फुटला, तेव्हाही फुलं अशीच चिकटली होती. त्याआधी सोमवारी, तेव्हाही. आणि अख्ख्या महिन्यात ज्या दिवशी फुलं कुरकुरीत राहिली, त्या दिवशी देव कोरडा राहिला होता.

"अहो, देवाले अन् माह्या मोहाले एकाच दिवशी पाणी सुटते," तिने नवऱ्याला सांगितलं.

वासुदेवराव बाबांच्या सेवा समितीचे चिटणीस. ते खाटेवर उठून बसले. "देवाची बरोबरी मोहाशी करतेस? जीभ झडन."

"जीभ तं आजच पोळली. थो घाम नाई, काहीतरी औषध आहे. अन् आपली रुपा त्या साखळीले हात लावणार नाई."

"चिठ्ठी निघाली आहे. समितीच्या चिटणीसाचीच सून नाई गेली, तं गावात मी कोणतं तोंड दाखवू?"

"तोंड राहिलं तं दाखवाल ना. पाळीवरचा थो चिरलेला मोह पाहून या, मंग बोला."

रुपा दाराआडून म्हणाली, "आई, मी नाई गेली अन् गार पडली, तं सगळे मलेच म्हणतीन."

"गेलीस अन् पडली तरी तुलेच म्हणतीन, पोरी. आज निर्मलाबाईले का म्हणले, ऐकलंस ना? दोन्हीकडून बोट बाईकडेच. मंग जिवंत राहून बोलणी खाल्लेली बरी."

दुसऱ्या दिवशी ती बौद्ध मोहल्ल्यात गेली. संघपाल गुरुजी मोहाडीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत आणि सुट्टीत घरीच असत. अंगणात बसून ते सायकलचं पंक्चर काढत होते.

"काकू, आज इकडे कुठं? इकडे कीर्तन नाई," गुरुजी हसत म्हणाले.

"कीर्तन नाई, पण निरूपण पाहिजे," असं म्हणून तिने सगळं सांगितलं. चव, मोहफुलं, पडदा, साखळी. गुरुजींनी हात पुसले.

"जीभ गरम झाली म्हणता? म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतलं पांढरं मीठ दिसते. कॅल्शियम क्लोराइड. बर्फाच्या कारखान्यात पोत्यानं असते. त्याले हवेतली ओल ओढून घ्यायची खोड आहे. कोरड्या दुपारी कोरडं राहते, हवेत जराशी ओल आली की स्वतःच विरघळून पाणी होते. दगडाले फासलं की झाला घाम."

"अन् सकाळचा पडदा?"

"पहाटे हवा ओली राहते, काकू. तेव्हा देवाले रोजच घाम येत असन. चेला पुसत असन अन् नवीन मीठ फासत असन. अकरा वाजता ऊन तापलं की पडदा उघडते. तेल लावलं तं मिठाले हवा लागत नाई. पाणी ओतलं तं मीठ धुऊन जाते. म्हणून दोन्ही वर्ज्य."

"पण गुरुजी, घाम फुटला की वादळ येतेच ना. रेडिओवाला रोज सांगते, विदर्भात तुरळक ठिकाणी वादळी पाऊस. त्याले आपल्या गावाचं नाव घेता येत नाई. मंग बाबाले कसं जमते?"

"तुमी भाताले आंधण ठेवता," गुरुजी म्हणाले. "पाणी उकळणार हे तुमाले कळते. पण पहिला बुडबुडा भांड्यात नेमका कुठं उठन, सांगाल?"

"नाई सांगता येत."

"पण खाली जाळ जिथं जास्त, तिथं बुडबुडे जास्त. आपल्याकडे थो जाळ म्हणजे हे उत्तरेचे डोंगर. दुपारी डोंगर तापतात, हवा चढणीनं वर जाते. पूर्वेच्या समुद्राकडून ओल आली असली तं त्याच हवेचा ढग फुगतो. डोंगरावर जन्मला, वाऱ्यानं लोटला की मैदानात उतरतो, चारदोन गावांवर कोसळतो अन् दोन तासांत संपून जाते. डोंगरावर दहा ढग उठले तं आपल्या गावावर एखाददुसरा येते. बाकीचे बाजूनं जातात, कोणी साखळी धरा की नका धरू. रेडिओवाला प्रामाणिक आहे, म्हणून तुरळक म्हणतो. बाबा गावाचं नाव घेते. चुकलं की खापर फोडायले एक बाई उभी केलेलीच आहे."

"अन् साखळी?"

गुरुजींचा चेहरा बदलला. "उघड्या पाळीवर सगळ्यात उंच लोखंड. वीज तेच शोधते. काकू, बाबाले हे ठाऊक नाई असं समजू नका. वादळात थो कुठं बसते?"

"जीपमध्ये. काचा वर करून."

"चारही बाजूनं पत्रा. वीज पडली तरी पत्र्यावरून जमिनीत उतरते. आतला माणूस वाचतो. अख्ख्या शिवारात सगळ्यात सुरक्षित जागा हेरून थो समाधी लावते."

रुखमिणीबाई उठली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. खोट्या देवाचा तिला राग आला होता, पण त्याहून जास्त राग त्या काचा वर करण्याचा आला होता.

"तुमी देव मानत नाई, गुरुजी."

"नाई मानत."

"मी मानते. म्हणून हे काम माहं आहे. माह्या देवाच्या नावानं थो हे करून राहिला. मले त्या मिठाची बाटली आणून द्या."

"मी येतो संगं."

"या, पण मागं उभे राहा. तुमी बोललात तं म्हणतीन, हे देव न मानणाऱ्यायचंच काम. मी बोलली तं थो बाबा काय म्हणन, ते पाहायचं आहे."

गुरुजींनी मोहाडीहून बाटली आणून दिली. शुक्रवार कोरडा गेला. रुखमिणीबाई दिवसातून दहा वेळा टोपलीत हात घालून पाहायची. फुलं कुरकुरत होती. शनिवारी सकाळी ऊन चढलं तरी ती मऊच राहिली. पश्चिमेचा वारा थांबून पूर्वेकडून येऊ लागला होता. तिने वासुदेवरावांना काही विचारलं नाही. परातीत वरवंटा ठेवला, नारळाची काथी ठेवली, चुलीतली राख ठेवली, पितळेची मोठी कळशी भरून कमरेवर घेतली आणि रुपाला म्हणाली, "चल. माह्या मागं राहायचं, लोखंडाच्या जवळ जायचं नाई."

अकरा वाजता पडदा सरकला. लोक हात जोडणार इतक्यात रुखमिणीबाई मांडवात शिरली आणि कळशी देवाच्या डोक्यावर उपडी केली.

चेला "अरे अरे" करत पुढे आला.

"हे काय करता बाई," बाबा गरजले. "प्रभूला जळ वर्ज्य आहे."

"वैशाखाच्या उन्हात तांब्याभर पाणी नको म्हणणारा देव मी आजवर पाहिला नाई, महाराज," रुखमिणीबाई राखेने दगड घासत म्हणाली. "महिना झाला, आंघोळ नाई. घाम येईल नाई तं काय?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. चेल्याने तिचा हात धरायला हात पुढे केला, पण गावची बाई देवाला अंघोळ घालतेय आणि परक्या गावचा पोरगा तिला अडवतोय, हे कुणालाच बरं दिसेना. पुंडलिकराव म्हणाले, "राहू दे, अभिषेकच तं करून राहिली." तिने काथीने दगड तीनदा घासला, तीनदा धुतला, पदराने पुसून कोरडा केला. मग देवाशेजारी वरवंटा उभा केला आणि बाटलीतलं पांढरं मीठ बोटाने त्यावर फासलं.

"हे काय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"हा माहा वरवंटा. आमच्या घरी वीस वर्षं झाली मिरची वाटतो. त्याले कोणी मंत्र दिला नाई. आज दुपारी वारा ओला झाला अन् या देवाले घाम फुटला, तं माही सून साखळी धरन, मी अडवणार नाई. पण देव कोरडा राहिला अन् वरवंट्याले घाम फुटला, तं साखळी वरवंट्याले बांधा."

"हे नास्तिकांचं कारस्थान आहे," बाबा ओरडले. "जळ ओतून प्रभूंचा कोप ओढवून घेतलाय. आता गावावर गार पडेल."

"पडंल तं पडंल. महिनाभर सांगितलं प्रभू गार अडवतात. आज एका कळशीनं घाबरले का?"

वासुदेवराव गर्दीतून पुढे आले. चेहरा लाल झाला होता. "रुखमा, घरी चल. सगळं गाव पाहून राहिलं."

"पाहू द्या. म्हणून तं आली."

कुणीही घरी गेलं नाही. लोकांनी वरवंट्याकडे पाहत मांडवात बसून घेतलं. दोन वाजले. हवा चिकट झाली. तीनला उत्तरेच्या डोंगरावर ढगाने डोकं वर काढलं. मग पहिल्या ओळीतली एक म्हातारी म्हणाली, "पाहा पाहा."

वरवंट्याच्या पोटावर चार थेंब आले होते. ते मोठे झाले, एकत्र झाले आणि परातीत ओघळले. शेजारी गारेश्वर चांदीचे डोळे उघडे ठेवून कोरडा ठणठणीत बसला होता.

रुखमिणीबाईने वरवंट्यावरून बोट फिरवलं आणि पुंडलिकरावांपुढे धरलं. "चाखा. कपाळी लावू नका, मुखी घ्या."

सरपंचांनी जिभेला बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. मागून दोघातिघांनी बोटं पुढे केली. बाबा काही बोलायच्या आत निर्मलाबाई उठल्या. चार दिवसांत त्या पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या होत्या.

"चेला रोज पडद्यामागं पांढरं काय फासते, ते मी फटीतून पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. "विभूती समजली होती. मले अशुद्ध म्हणले ना तुमी?"

ढगाने आता उत्तरेचं आभाळ व्यापलं होतं. त्याच्या पोटात गडगड सुरू झाली. बाबांनी शेवटचा डाव टाकला. आवाज खाली आणून, अगदी मायेने ते म्हणाले, "भक्तहो, चूक माझ्या भोळ्या चेल्याची आहे. पण ते वादळ खोटं नाही. ते येतंय. कुणाची तरी सून, कुणाची तरी लेक साखळी धरणार नसेल, तर तुमचं धान गेलं समजा."

लोक चुळबुळले. धानाचं नाव निघालं की माणसाचं सगळं ज्ञान पातळ होतं. दोघेचौघे रुपाकडे पाहू लागले. एकजण हळूच म्हणाला, "सहा वेळा केलं, आजच्यापुरतं करायले काय हरकत आहे?" वासुदेवराव खाली मान घालून उभे होते.

रुखमिणीबाईने रुपाचा हात धरला आणि जीपचं दार उघडलं.

"बस आत. निर्मलाबाई, तुमीबी बसा." दार लावून ती बाबांकडे वळली. "चिठ्ठी आमच्या घराची आहे, ते मान्य. पण मी आज जागा बदलते. समाधी आमच्या बाया लावतीन, काचा वर करून. साखळी महाराज, तुमी धरा."

बाबांनी त्रिशुळाकडे पाहिलं, मग ढगाकडे. दूर डोंगरावर वीज चमकली.

"धरा ना," रुखमिणीबाई म्हणाली. "सहा लेकीबाळींनी धरली. तुमी तं मनानं शुद्ध आहात. लोखंड तेच, साखळी तीच, देवबी तुमचाच. कायले थांबले?"

बाबांचा हात साखळीपर्यंत गेला नाही. ते एक पाऊल मागे सरले, मग दुसरं. डोंगरावर दुसरी वीज कडाडली तशी त्यांनी कफनी गुडघ्यापर्यंत उचलली आणि पाळीवरून शाळेच्या पक्क्या इमारतीकडे पळत सुटले. चेला त्यांच्या पुढे होता. गर्दीमागून आधीच निघून, शिपायाकडून किल्ली घेऊन शाळेचं कुलूप काढलेले संघपाल गुरुजी ओट्यावर उभेच होते.

"या महाराज, या," गुरुजी म्हणाले. "स्लॅब आहे. घाबरू नका."

वासुदेवराव बायकोजवळ आले. इतक्या वर्षांत तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. "मी तिले उभी करणार होतो, रुखमा," ते म्हणाले.

"ते मंग बोलू. आता धानाकडे पळा. ढग डोंगरावरून निघाला आहे, हातात तासभर आहे." मग ती गर्दीकडे वळून मोठ्याने म्हणाली, "हवा ओली झाली, हे खरं होतं. महिनाभर देवानं नाई, मिठानं तुमाले दोन तास आधी सांगितलं. त्या दोन तासांत धान उचलायचं सोडून तुमी इथं हात जोडून उभे राहिले. चला. कापलेलं गोळा करा, ताडपत्री टाका. अन् वीज जवळ कडाडली की सगळं सोडून पक्क्या घरात. झाडाखाली कोणी थांबायचं नाई."

गाव धावलं. त्या तासात भिवरटोल्याने जितकं धान उचललं, तितकं एरवी दिवसात उचललं नसतं. मग वादळ आलं, धूळ उडवली, दोनतीन कवेलूंची छपरं विस्कटली, दहा मिनिटं गार टाकली आणि पूर्वेकडे निघून गेलं. त्रिशूळ पाळीवर एकटाच उभा होता. त्याच्यावर वीज पडली नाही. सात वेळांत एकदाही पडली नाही हे नशीब, त्यात कुणाचं पुण्य नव्हतं.

रुपाला आणि निर्मलाबाईंना कुणी पुन्हा साखळीकडे ओढू नये म्हणून रुखमिणीबाई त्यांना घेऊन शाळेत थांबली होती. तिच्या स्वतःच्या शेतातलं धान वासुदेवरावांना एकट्याला पुरतं उचलता आलं नाही. अर्धं गारेखाली गेलं.

बाबा आणि चेला पहाटेच्या एसटीने गुपचूप पळाले. जीप पुंडलिकरावांनी पोलीस येईपर्यंत अडवून ठेवली.

सकाळी रुखमिणीबाई अंगण सारवत होती तर दारात दोन टोळकी. एका टोळक्यातला परसराम म्हणाला, "पाहा, गावात सगळ्यात जास्त धान हिचंच गेलं. देवाले न विचारता धुतलं, त्याची शिक्षा."

दुसऱ्या टोळक्यातल्या बायांच्या हातात हळदकुंकू आणि नारळ. "काकू, थो वरवंटा कुठं आहे?" त्यांच्यातली एकजण म्हणाली. "कालचं वादळ त्यानंच पातळ केलं म्हणतात. आमी पाय धुतो त्याचे."

रुखमिणीबाईने हात धुतले. आतून वरवंटा आणला. राखेने घासून, दोनदा धुऊन पाट्यावर ठेवला. रुपाला म्हणाली, "वाळल्या मिरच्या आण, लसूण आण."

"आई, आता?"

"आताच."

सगळ्यांसमोर ती पाट्यापुढे बसली आणि मिरच्या वाटायला लागली. ठसका उठला, तशा हळदकुंकूवाल्या बाया दोन पावलं मागे सरल्या.

"परसराम, माहं धान गेलं कारण मी शाळेत सुनेजवळ होती अन् एका माणसाचे दोनच हात राहतात. यात देवाचा राग नाई. अन् बायांनो, वादळ गेलं कारण वाऱ्यानं नेलं. या दगडाले मिरची वाटता येते, गार वळवता येत नाई. आज याले कुंकू लावाल, तं उद्या याच्यापुढे साखळी येईल, अन् परवा ती कोणाच्यातरी सुनेच्या हातात देतीन." तिने वरवंटा पुढे ढकलला, मागे ओढला. "मी रात्री पोथी वाचली, सकाळी देवाले फूल वाहिलं, अन् मरेपर्यंत कीर्तनाले जाईन. पण ज्या देवाचा अर्थ विचारता येत नाई, ज्याच्यापुढचा पडदा सरकवता येत नाई, अन् ज्याचा पुजारी स्वतः काचा वर करून बसते, त्याच्यापुढे मी हात जोडणार नाई. तुमीबी जोडू नका. आधी विचारा. चाखा. धुऊन पाहा. खरा असन तं धुतल्यानं विटणार नाई."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्यांच्यातल्या एकीने हातातला नारळ ओट्याच्या काठावर आपटून फोडला आणि पाट्यावर ठेवला.

"नुसती मिरची तिखट लागन, काकू," ती म्हणाली. "हाबी घाला त्यात."